गोदावरीची नाव आणि आपली माणसे



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळातली पोरे माझ्याकडे आली. म्हणाली, काका, तुमचा एक लेख पाहिजे. मी म्हणालो, मी नावेवर लिहितो. त्यांना वाटले, काका नामांतरावर लिहिणार. मी म्हणालो, अरे बाबांनो, नावावर नाही, नावेवर. गोदावरीत चालायची ती नाव. पोरे हसली. एक जण म्हणाला, काका, नावेचा काय इतिहास असतो?

मी दालमिलमधला कामगार. शिक्षण नववी. तरुणपणाची पंधरा-सोळा वर्षे लातूरच्या दालमिलमध्ये काढली, आता नांदेडला आहे. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, विहारातल्या कपाटातली आणि सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके आणून वाचले. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया एवढेच नसते, हे बाबासाहेबांच्या पुस्तकांनी शिकवले. नदीच्या अलीकडून पलीकडे कोण जाऊ शकत होता, कोण जाऊ शकत नव्हता आणि कोणाच्या मर्जीने जात होता, हाही इतिहासच आहे. म्हणून हा लेख.

नदी आणि उतार

आज कौठा, वसरणी, सिडको, हडको या भागांतली लेकरे ऑटोत बसतात आणि दोन-चार मिनिटांत पूल ओलांडून शहरात येतात. खाली गोदावरी आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. परंतु आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांचे आजे-पणजे नावेत बसूनच नांदेडला आलेले आहेत. घरी म्हातारे माणूस असेल तर आजच रात्री विचारून पाहा.

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत ती आपल्या नांदेड जिल्ह्याचे दोन भाग करते. लोहा, कंधार, नायगाव, बिलोली, मुखेड, देगलूर हा मुलूख दक्षिणेला. मुदखेड, उमरी, धर्माबाद, भोकर, हदगाव उत्तरेला. जुने नांदेड शहरही उत्तर काठावर. म्हणजे कंधारच्या माणसाला कोर्टकचेरी करायची असो, नाहीतर लातूर-अहमदपूरकडच्या माणसाला नांदेडची रेल्वे गाठायची असो, गोदावरी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

नदी कुठूनही ओलांडता येत नाही. काठ उतरता पाहिजे, डोह नको, तळाला खडक किंवा घट्ट वाळू पाहिजे. अशा जागेला आपण उतार म्हणतो. मृग निघाल्यापासून दिवाळीपर्यंत उतारावर नाव चालायची. पाणी ओसरले की पायउतार व्हायचा, म्हणजे लोक गुडघाभर-मांडीभर पाण्यातून चालत जायचे. आज पायउतार म्हटले की मंत्र्याने खुर्ची सोडली असे कळते, पण शब्द मूळचा नदीचा आहे.

आमच्या गावच्या उताराची नाव सपाट बुडाची होती. लाकडी फळ्या, फटींत चिंध्या कोंबून वर डांबर. उथळ पाण्यात लांब बांबू टेकवून ती रेटायची आणि खोल धारेला वल्ही मारायची. पूर असला की नाववाला आधी नाव काठाकाठाने बरीच वर ओढत न्यायचा आणि मग धारेत सोडायचा. धार तिला तिरपी खाली नेते आणि ती बरोबर पलीकडच्या उताराला लागते. हे गणित कोणत्याही शाळेत शिकवत नव्हते. ते भोई, कोळी, कहार समाजाच्या माणसांच्या हातात पिढ्यान् पिढ्या होते. गावच्या लोकांकडून रोख पैसा नसे, सुगीला खळ्यावर ज्वारी घालायची. परगावच्या माणसाला मात्र पैसे मोजावे लागत.

बावरीचे शिष्य

आपल्या बौद्ध कुटुंबांना गोदावरीची आणखी एक ओळख असायला हवी. पाली वाङ्मयातल्या सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मण आचार्याची हकीकत आहे. हा बावरी अस्सक म्हणजे अश्मक देशात, गोदावरीच्या काठी राहत होता. अश्मकाची राजधानी पोतन म्हणजे आजचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. बोधन आपल्या बिलोलीच्या शेजारी, आज तेलंगणात आहे. म्हणजे बावरीचा मुलूख आपल्यापासून दूरचा नव्हे.

बुद्ध या जगात आहे हे ऐकून बावरीने आपले सोळा शिष्य त्याच्याकडे पाठवले. त्यांचा रस्ता त्या सुत्तात गावांसह दिलेला आहे. प्रतिष्ठान म्हणजे पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, साकेत, सावत्थी, कपिलवस्तू, कुसिनारा, वैशाली आणि शेवटी मगध. हा रस्ता नकाशावर बोट ठेवून पाहावा. नर्मदा ओलांडल्याशिवाय उज्जयिनी येत नाही आणि गंगा ओलांडल्याशिवाय वैशालीहून मगधात जाता येत नाही. त्या काळी या नद्यांवर पूल नव्हते. तेव्हा आपल्या दक्षिणेतून धम्म ऐकायला गेलेली ती पहिली माणसे कोणातरी नावाड्याच्या हाताने पार झाली असतील. त्या नावाड्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

खुद्द तथागतांच्या शेवटच्या प्रवासातही नदी आहे. पाटलिगामाजवळ गंगा काठोकाठ भरलेली होती. कोणी नाव शोधत होते, कोणी ओंडके बांधून तराफा करत होते, असे वर्णन महापरिनिब्बान सुत्तात आहे. जिथून तथागत पार गेले त्या जागेला लोकांनी गोतमतित्थ नाव दिले. तित्थ म्हणजे उतार, घाट. पुढे त्याच शब्दाच्या तीर्थाला पूजाअर्चा चिकटली, पण मूळ अर्थ पार जाण्याची जागा एवढाच. पार जायची ही जागा सगळ्यांसाठी सारखी उघडी होती काय, हा खरा प्रश्न आहे.

आजोबांची रात्र

आपला नांदेड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पलीकडे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात नावांसाठी १८६८ साली स्वतंत्र कायदा झाला होता. सरकारने सार्वजनिक उतार जाहीर करायचा, त्याचा ठेका द्यायचा, दर ठरवायचे, अशी ती व्यवस्था. आमच्याकडेही मोठ्या घाटावरच्या नावेची हर्रासी व्हायची आणि गुत्तेदार हाली सिक्क्यात पैसे घ्यायचा, असे जुनी माणसे सांगत. कागदावर नाव सगळ्यांची होती, पण नावेत गाव बसत होते आणि गावाबरोबर गावाची उतरंडही बसत होती.

माझे आजोबा गावचे वेसकर. पाटलाचा कागद घेऊन जाणे, अंमलदाराचे सामान डोक्यावर वाहणे, ही कामे वेठीची. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. एकदा श्रावणात ते कागद पोचवून परत निघाले आणि संध्याकाळी पलीकडच्या काठावर आले. नाव अलीकडे बांधलेली. आजोबांनी हाका मारल्या. एकट्या महारासाठी कोणी नाव सोडीना. पाऊस लागला. काठावर महादेवाचे देऊळ होते, पण ओसरीवर चढायची सोय नव्हती. आजोबांनी रात्र बाभळीखाली उभ्याने काढली. सकाळी एक व्यापारी बैल घेऊन आला, तेव्हा नाव आली. व्यापारी पुढे बसला, मधे बैल आणि बैलांच्या मागे, शेणात, आजोबा उभे.

आजी ही गोष्ट सांगताना म्हणायची, "नदीत समदे आंघोळ करतेत, तिला काही होत न्हाई. बैल बसला तर फळीला काही होत न्हाई. तुझ्या आजानं पाय ठिवला की मातर फळी बाटती."

म्हणून आपल्या माणसांनी पोहण्याची विद्या शिकून घेतली. वाळलेले भोपळे बांधून त्यांची सांगड करायची, डोक्याला कपडे गुंडाळायचे आणि नदीत उतरायचे. नावेशिवाय पार जाणारी माणसे गावात होती, ती बहुतेक आपली. त्यातली काही परत आली नाहीत.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नाव चालवणारा भोई हाही गरीबच होता. आजही भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. कोणाला आधी घ्यायचे हे तो ठरवत नव्हता, गाव ठरवत होते. पण वल्हे त्याच्या हातात होते, म्हणून नकार त्याच्या तोंडून यायचा. उतरंडीची हीच खुबी आहे. खालच्याला त्याच्याही खालचा दाखवला की तो वरच्याकडे बघत नाही.

बाबासाहेबांची बोट

वाहन दुसऱ्याच्या हातात असले की माणसाचे काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. १९२९ च्या ऑक्टोबरात ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्य प्रवाशाचा टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्याच एका माणसाने हाकला. त्याला टांग्याची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. परदेशात शिकलेला बॅरिस्टर, पण टांगेवाला स्वतःला त्याच्यापेक्षा उच्च समजत होता, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

त्याच्या दोन वर्षे आधी, महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी, त्यांनी हाच धोका ओळखून आखणी केली होती. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी घेतले गेले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. मुंबईहून खुष्कीच्या मार्गाने जायचे तर लांबच्या पल्ल्याला मोटारी लागणार, आणि मोटारवाल्यांनी ऐनवेळी नाही म्हटले तर शेकडो माणसे रस्त्यात अडकणार. म्हणून बोटीचा रस्ता निवडला. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह पद्मावती बोटीने मुंबईहून निघाले आणि २५ तारखेला सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदराला उतरले. दासगावाहून महाड पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पायी जाता येईल, असा तो हिशोब. त्याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर जयंती आणि तुकाराम या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. त्याला दीड महिनाही झाला नव्हता. तरी आपली माणसे बोटीत बसली.

पुढे कायदा आला. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते सर्वांना खुले केले. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात नदी, घाट, रस्ता यांच्या बरोबरीने सार्वजनिक वाहनही आले. म्हणजे भाडे घेऊन चालणाऱ्या नावेतून जातीवरून कोणाला उतरवणे हा देशभर गुन्हा झाला. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या घरी जोहार बंद होऊन जयभीम सुरू झाला. आजी म्हणायची, त्या वर्षापासून आजोबा नावेत बैलाच्या पुढे बसायला लागले. कोणी डोळे वटारले, पण उतरवायची हिंमत कोणी केली नाही.

वडिलांची पाळी आणि मायची रात्र

माझे वडील नांदेडच्या मिलमध्ये होते. निजामाच्या काळात सुरू झालेली उस्मानशाही मिल. भोंगा काठापर्यंत ऐकू यायचा. गावाहून जुन्या पुलावरून जायचे तर मोठा वळसा, नावेने गेले तर निम्मा वेळ. पहिल्या पाळीची माणसे अंधारात कंदील घेऊन काठावर जमायची. नावेत भाकरीची फडकी मांडीवर, बिडीचा धूर आणि गावच्या गप्पा. वडील सांगायचे, मिलमधल्या सभेची आणि बाबासाहेबांच्या जयंतीच्या वर्गणीची बोलणी याच नावेत व्हायची. नाव पलीकडे लागेपर्यंत कोणाला उठून जाता येत नव्हते, म्हणून बोलणे पुरे व्हायचे.

आता मी स्वतः पाहिलेले सांगतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि आपल्या वस्त्यांवर काय गुदरले ते वडीलधाऱ्यांना सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यातले टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात शहीद झाले. मी तेव्हा आठ वर्षांचा. वडील पाळीवर, नांदेडला. रात्री कोणीतरी येऊन सांगितले की शेजारच्या गावात घरे पेटली. मायने आम्हा तिघा भावंडांना उठवले, एक गाठोडे बांधले आणि नदीकडे निघाली. ऑगस्टचे पाणी, दोन्ही थड्या भरलेल्या. माय काठावर उभी. हाक मारावी तर गावाला ऐकू जाईल.

नाववाले मामा काठावरच्या खोपीत झोपायचे. त्यांचा कुत्रा भुंकला आणि ते बाहेर आले. मायने काही सांगितले नाही, त्यांनी काही विचारले नाही. नाव सोडली. एवढेच म्हणाले, "लेकरायला मधी बसीव, बाई. हालू नका." कंदील लावला नाही. धारेत नाव आली तेव्हा मला वल्ह्याचा आवाज ऐकू येत होता आणि मायचा हात माझ्या दंडाला इतका घट्ट होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. पलीकडे उतरल्यावर माय पदराची गाठ सोडायला लागली. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सुगीला बघू." आणि नाव अंधारात परत गेली. त्या रात्री त्यांनी आणखी किती खेपा केल्या ते त्यांनाच माहीत. गावाने पुढे त्यांना त्याचा जाब विचारला, हे मला मोठेपणी कळले.

माझ्या आजोबांना रात्रभर पावसात उभे ठेवणारी नाव आणि माझ्या मायला अंधारात पार नेणारी नाव, एकाच उताराची, एकाच घराण्याच्या हातातली. म्हणून मला नावेबद्दल नुसता राग धरता येत नाही आणि नुसते गोडही बोलता येत नाही. त्या रात्री मामा चांगले निघाले. नसते निघाले तर? आपल्या लेकरांचा जीव कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये, यासाठीच तर बाबासाहेबांनी आयुष्य वेचले.

पूल

नाव एका दिवसात गेली नाही. १९०० च्या आसपास गोदावरी खोऱ्यातली रेल्वे नांदेडला आली आणि पुढे बासरजवळ लोखंडी रूळ नदीवरून गेला. लांबचा माल आणि लांबचा माणूस रेल्वेने गेला. मग सडकेचे पूल आले, एसटी आली. पैठणला जायकवाडी धरण झाले. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. वरचे पाणी अडले, खाली नदीची चाल बदलली. १९८० च्या दशकात नांदेडजवळ विष्णुपुरीचा बंधारा उभा राहिला. बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबले, खाली उन्हाळ्यात दगड उघडे पडले. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी शहरात घाट, रस्ते आणि पुलांची मोठी कामे झाली.

नावेच्या जाण्याचे मला दुःख नाही. पूल जात विचारत नाही. पुलावर पुढे कोण, मागे कोण हे ठरलेले नसते. मध्यरात्री बाळंतीण न्यायची असली तर कोणाला उठवावे लागत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तिकडेच गेले. ज्या काठावरून आमचे वडील मजुरीसाठी इकडे येत होते, त्या काठाकडे आज आपल्या वस्तीतली मुले-मुली शिकायला जातात, दवाखान्यात डॉक्टर म्हणून जातात. हे पुलामुळे झाले.

लातूरकडची कथा वेगळी. माझी थोरली बहीण मांजरेच्या काठच्या गावी दिलेली. मी लातूरला होतो तेव्हा तिच्याकडे जायचो. तिची सासू सांगायची, पावसाळ्यात इथे नाव लागायची. मी पाहिले तेव्हा नदीत नाव बुडेल एवढेही पाणी नव्हते. मांजरेवर वरच्या अंगाला धनेगावचे धरण, खाली ठिकठिकाणी बंधारे आणि वर दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तिकडे पूल आल्याने नव्हे, नदीच आटल्याने नाव गेली.

मग भोई लोकांचे काय झाले? काही जण तळ्यातल्या मासेमारीच्या सोसायटीत गेले, काही शहरात हातगाडीवर, काही वीटभट्टीवर. आमचे नाववाले मामा शेवटी शेवटी दुसऱ्याच्या शेतावर राखण करायचे. आज गोदावरीत नाव दिसते ती वाळू उपसणाऱ्यांची. महसूल खाते त्यांचे तराफे पकडते, जाळते, उडवून देते आणि काही दिवसांनी नवे तराफे पाण्यात असतात. त्यावर राबणारे हात पुन्हा गरिबाचेच. वाळू गेली की उतार जातो, डोह पडतात आणि पोहायला गेलेली लेकरे त्यात जातात. दरवर्षी अशा बातम्या आपण वाचतो.

अजून पार न झालेली माणसे

कोणी म्हणेल, काका, हे सगळे जुने झाले. नाही. २०२२ च्या जुलैत पूर आला तेव्हा आपल्याच जिल्ह्यात हदगाव तालुक्यातला एक नवरदेव थर्माकोलच्या तराफ्यावर बसून सुमारे सात किलोमीटर पाण्यातून पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात लग्नाला गेला. वर्तमानपत्रांत गमतीची बातमी म्हणून फोटो छापून आला. मला गंमत वाटली नाही. त्याच वर्षी गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा गावची लेकरे जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जातात, ही बातमी आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतः होऊन त्याची दखल घेतली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावे पाण्यात गेली तेव्हा लोकांना काढायला बचाव पथकाच्या बोटी आणाव्या लागल्या.

आमच्या आजोबांची भोपळ्याची सांगड आणि आजच्या लेकरांचे थर्माकोल, यात फरक काय? नाव गेली, नाववाला गेला आणि काही गावांना पूल अजून आलाच नाही. कोणती गावे ही? जी गावे लहान आहेत, ज्यांची मते थोडी आहेत, जिथे वस्ती नदीच्या चुकीच्या बाजूला आहे. आपल्याकडे वस्त्या कुठे बसवल्या गेल्या हे आपल्याला माहीत आहे. गावाच्या खालच्या अंगाला, पाणी आधी जिथे शिरते तिथे.

तथागतांनी तराफ्याचा दृष्टांत दिला, तो भन्तेजींच्या तोंडून आपण पुष्कळदा ऐकला आहे. नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडू नये. ते मला मान्य आहे. मी नावेची आठवण डोक्यावर घेऊन हिंडा असे सांगत नाही. पण जो अजून अलीकडच्या काठावर उभा आहे त्याला विसरू नये, एवढे तर आपण करू शकतो.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने दोन गोष्टी सुचवतो. एक, आपल्या विहारात दर रविवारी वंदनेला जमणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांच्या गावच्या उताराची, नावेची, नाववाल्याची हकीकत तरुण पोरांनी वहीत लिहून घ्यावी. ती माणसे गेली की वही कोरी राहील. दुसरे, आपल्या प्रत्येक घराचे मूळ गाव कुठले, तिथली शाळा, दवाखाना आणि वस्ती यांच्या मधे ओढा-नदी आहे काय, पूल आहे काय, याची यादी करावी आणि विहार समितीच्या सहीने जिल्हा परिषदेला द्यावी. एकदा देऊन भागत नाही. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला द्यावी.

मागच्या पावसाळ्यात मी नातवाला पुलावर घेऊन गेलो. खाली पाणी तांबडे, फेसाळलेले. त्याला दाखवले, इथून खाली काही कोसांवर तुझी पणजी रात्री नावेत बसली होती. त्याने विचारले, आबा, तिकीट किती होते? मी म्हणालो, तिकीट द्यायचे राहिले आहे.

ते नाववाले मामा आता नाहीत. त्यांच्या नातवाला गेल्या वर्षी शोधून काढले, घरी जाऊन जेवलो आणि आमच्या मायने सुगीला द्यायचे कबूल केलेली ज्वारी एक पोते देऊन आलो. पोरगा म्हणाला, काका, कशाची ज्वारी? मग त्याच्या अंगणात बसून मी त्याला ही सगळी हकीकत सांगितली. त्याला ती माहीत नव्हती.

नमो बुद्धाय. जयभीम.